गुंडूला धूर सोसत नाही

"हेमा, हा खाली बसलाय गं."

आत्यांची हाक आली तेव्हा मी हॉलमध्ये सोफ्यावर चढून पडद्यांवर मोगऱ्याचा फवारा मारत होते.

"बसू दे की," मी तिथूनच ओरडले. "रविवार आहे. त्यालाही सुट्टी."

"तसा नव्हे. पिंजऱ्याच्या तळाला बसलाय, कागदावर. दांडीवर चढेना."

मी पुढच्या पडद्याकडे वळले. साडेनऊ वाजून गेले होते आणि चार वाजता आमच्या गौतमीला बघायला तासगावचे पाहुणे यायचे होते. मुलगा बँकेत, घरची द्राक्षबाग, माणसं तोलामोलाची. अशा दिवशी दांडीवर कोण चढलं आणि कोण उतरलं, हे बघायला मला सवड नव्हती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमच्यात आत्याच्या घरी भाची द्यायची रीत आहे, त्यामुळे मी लाडकी भाची होते ती सून झाले, पण हाक तीच राहिली. चौदा महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या काही पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. त्यातली मागची खोली, लोखंडी खाट आणि खाटेशेजारी स्टुलावर पिंजरा. एवढं त्यांचं जग. पिंजऱ्यात गुंडू.

गुंडू कॉकाटील होता, पोपटाच्याच जातीतला. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर कुणी कुंकवाचं बोट पुसावं तसे नारिंगी ठिपके. गौतमीने पहिल्या पगारातून आज्जीसाठी आणला, तेव्हा मी काय कमी बडबडले? "माणसांचं करता करता नाकीनऊ आलेत आणि त्यात हे पाखरू!" पण आत्यांनी तेव्हा जेवण जवळजवळ सोडलं होतं. गुंडू आला आणि त्या त्याला भाकरीचा तुकडा दाखवून "एक तुला, एक मला" करत अर्धी भाकरी खायला लागल्या. तो शीळ घालायचा. आत्या दात नसलेल्या तोंडाने शीळ घालायला बघायच्या, नुसती हवा निघायची आणि मग दोघांचं भांडण. गुंडू गप्प असला की आत्या ताट परत पाठवत. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

आता माझ्या नाकाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माझं नाक पहिल्यापासून तिखट. आणि घराला चांगला वास असणं ही माझी मिरवायची गोष्ट. आत्यांनीच शिकवलेलं ते. मी नवी नवरी असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नुसता श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "ओट्याखालचं फडकं वाळलं नाही वाटतं." बरोबर तेच असायचं!

त्या अंथरुणाला खिळल्या आणि घरात तो वास शिरला. मी काही हयगय करत नव्हते. रोज अंग पुसणं, चादरी धुणं, भांडं घासणं, सगळं. तरी वास येईच. एकदा आमची भिशी होती, तेव्हा एकजण नाकाला रुमाल लावून म्हणाली, "हेमलता, कपाटामागे उंदीर-बिंदीर मेला नाही ना गं?" माझ्या कपाळातच गेली. मी पटकन म्हटलं, "छे गं, पक्षी पाळलाय ना, पिंजऱ्याचा वास." गुंडू बिचारा काय बोलणार! त्या दिवसापासून घरातला सगळा वास गुंडूच्या नावावर गेला. आणि घरात सकाळ-संध्याकाळ धुपाटण्यात ऊद सुरू झाला. उदबत्त्या होत्याच. संडासात डांबरगोळ्या, हॉलमध्ये भिंतीला लावायचं सुगंधाचं मशीन, शिवाय हातात फवारा.

आत्या दोन-तीनदा म्हणाल्या होत्या, "हेमा, गुंडूला धूर सोसत नाही गं."

"त्याला काय होतंय? देवाच्या धुराने कधी कुणाचं वाईट झालंय का?" मी म्हणायची. मग त्या गप्प बसायच्या.

त्या रविवारी तर मी पहाटेपासून ऊद भरला होता. आणि आदल्या संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगत होते, "काही करा, त्या खोलीतला वास जात नाही बघ. पाहुण्यांना सांगेन पक्ष्याचा आहे म्हणून. दार ओढून घेईन आणि आत्या झोपल्यात म्हणेन." मागची खोली फोनपासून आठ पावलांवर होती, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

"हेमा," आत्यांनी पुन्हा हाक मारली. या खेपेला आवाज वेगळा होता. मी फवारा ठेवून आत गेले.

गुंडू पिसं फुलवून कागदावर बसला होता. चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाला शेपूट खाली-वर होत होतं. आत्यांनी गजांतून एक बोट आत घातलं होतं, त्याच्या पायाला लागेल इतकं.

"काल रात्रीपासून शीळ नाही," त्या म्हणाल्या. "खिडकी उघड जरा."

"खिडकी कशी उघडू? सकाळपासून ऊद भरलाय, सगळा वास निघून जाईल की." मी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. "काल समोरच्या वहिनी आल्या होत्या ना? 'केवढा देखणा गं बाई' म्हणून तीनदा म्हणाल्या. दृष्ट लागली, दुसरं काही नाही. थांबा, काढते."

आत्यांनी बोट गजांतून बाहेर घेतलं. मी स्वयंपाकघरातून मूठभर मीठ, मोहरी आणि पाच सुक्या मिरच्या आणल्या. "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची" करत पिंजऱ्यावरून ओवाळल्या आणि जुना तवा लालबुंद तापवून त्याच खोलीत, स्टुलाशेजारी ठेवून त्यावर टाकल्या. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या, धूर वर गेला. मी श्वास घेऊन पाहिला. दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, असं आमच्याकडे मानतात. मला ठसका म्हणून आला नाही.

"बघा आत्या!" मी म्हटलं. "नावाला ठसका नाही. केवढी लागली होती!"

आत्यांनी तोंडावर पदर घट्ट दाबून धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांदे हलत होते.

"रडू नका," मी म्हटलं. "उतरेल आता."

तेवढ्यात गौतमी न्हाऊन केस पुसत दारात आली आणि तिथंच वाकून खोकायला लागली. "आई! काय जाळलंयस? अगं, श्वास घेता येत नाहीये इथे!" केसांच्या टॉवेलने नाक झाकत ती धावली आणि दोन्ही खिडक्या धाडकन उघडल्या. तवा त्याच टॉवेलात धरून गॅलरीत फेकला. मी मागे वळून बघते तर गुंडू कुशीवर कलंडलेला.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं.

"जिवंत आहे," गौतमीने त्याला हातात घेतलं. "पण आई, लगेच न्यायला हवं. पक्ष्यांचे डॉक्टर मुल्ला आहेत ना, घरातच दवाखाना आहे त्यांचा, रविवारीही बघतात."

"मी? आज? पोहे व्हायचेत, तुझी साडी..."

आत्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात एवढा जोर उरलाय हे मला ठाऊकच नव्हतं. चौदा महिन्यांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा मी विचारलं तरच घ्यायच्या.

"हेमा, तू जा," त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "हा गेला तर मी कुणाबरोबर जेवू?"

मी गेले. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, आत मऊ फडकं घातलं आणि खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "वहिनी, मोगऱ्याचे गजरे हायत का त्यात?" एरवी मी त्याला चांगलं ऐकवलं असतं.  खोक्याच्या भोकाला कान लावून मी श्वास ऐकत होते.

डॉक्टर मुल्ला म्हणजे साठीचे गृहस्थ. बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. खोकं उघडण्याआधी त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता गुंडूला एका काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटीला नळी जोडून ऑक्सिजन सोडला.

"घरात काय काय जाळता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ऊद, उदबत्त्या. फवारा, मशीन, डांबरगोळ्या. मिरच्यांचं सांगायला लाज वाटली, पण तेही सांगितलं.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "वहिनी, तुमचं-माझं नाक आणि याचं सारखं नसतं. तुमचं ज्याने नुसतं डोकं धरेल ना, त्याने हा मरतो. याच्या अंगात हवाच हवा असते. जे घरात उडतं ते सगळं याच्या आत जातं. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तरी पक्षी दगावतात, आणि तुम्ही तर घराची धुरीच केलीत."

"मला माहीत नव्हतं हो."

"बहुतेकांना नसतं." त्यांनी चष्मा पुसला. "पण एवढं सगळं कशासाठी? नीट ठेवलेल्या पक्ष्याला वास नसतो. कागद रोज बदलता?"

"रोज. पाणी दोनदा."

"मग कुठला वास झाकताय?"

मी पेटीकडे बघत राहिले. गुंडूचं शेपूट खाली-वर होत होतं. भिशीतल्या बाईला उत्तर द्यायला मला क्षणही लागला नव्हता. 

"सासूबाई अंथरुणावर आहेत," मी शेवटी म्हटलं.

"हां," डॉक्टर म्हणाले. "मग झाकू नका. कुठून येतो ते शोधा. खिडक्या उघड्या ठेवा, ऊन येऊ दे. पाण्यात थोडा शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून फरशी पुसा. गादीवर खाण्याचा सोडा पसरून ठेवा आणि झटका. याला तेव्हा दुसऱ्या खोलीत न्यायचं. याचं आज काय होतंय ते मी आत्ता सांगू शकत नाही. सहा वाजता या. जगला तर नेता येईल. पण घरात एक काडी जरी पेटलेली असली तर नेऊ नका, इथंच राहू दे."

मी तिथूनच घरी फोन लावला. "गौतमी, सगळं विझव. मशीनही काढ. सगळ्या खिडक्या उघड."

"आई, पण पाहुणे?"

"उघड म्हटलं ना!"

घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. आत्यांनी दाराकडे नजर लावलेली. "आहे," मी म्हटलं. "संध्याकाळी कळेल." त्यांनी डोळे मिटले. शेजारी ताट तसंच होतं, भाकरीला हात लावलेला नव्हता.

वारा सुटला होता. तासाभरात ऊद, मोगरा सगळं निघून गेलं आणि मग खोलीत तो वास उरला. नुसता, उघडा. मी दारात उभी राहिले आणि, पूर्वी आत्या घ्यायच्या तसा, श्वास घेतला. कुठून येतो ते शोधायला लागले. पिंजऱ्यापाशी काही नव्हतं. मोरीत नव्हतं. खाटेशी वाकले, गादीखाली हात घातला आणि हात ओला झाला.

वरचं रेक्झिन मधोमध चिरलं होतं. मी वरची चादर रोज बदलत होते, आणि खाली कापूस किती दिवस भिजत होता कोण जाणे.

"अहो, या इकडे," मी यांना हाक मारली. हे नुकतेच पेढे घेऊन आले होते. पुड्याची पिशवी तशीच हाताला लटकवून आत आले. यांनी आणि गौतमीने आत्यांना धरलं, मी गादी ओढली आणि आत्यांना कुशीवर वळवून पाठ बघितली. माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम होती. कडा काळपट, मध्ये पू.

 हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मी रोज अंग पुसायची, खोटं नाही सांगत. पण पाठ पुसताना मी तोंड फिरवून, श्वास रोखून पुसायची. शेजारी ऊद जळत असायचा. त्या धुरात जे नाकाला कळायला हवं होतं ते कळलं नाही, आणि डोळ्यांनी मी पाहिलंच नाही.

"आत्या, दुखत नव्हतं का?"

"दुखत होतं."

"मग सांगायचं नाही का हो मला?" मी ओरडलेच त्यांच्यावर. स्वतःचा राग दुसऱ्यावर काढायची माझी जुनी खोड. "तोंड होतं ना तुम्हाला!"

त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. "वास माझाच," त्या म्हणाल्या. "तू आधीच एवढी कावलेली. आणि काय सांगू?"

मला फोनवरचं सगळं बोलणं आठवलं, आणि फोनपासून खाटेपर्यंतची ती आठ पावलंही. मी तिथंच खाली बसले आणि आत्यांच्या पाठीपाशी डोकं टेकवून रडले. त्यांना मागे हात नेता येत नव्हता. त्यांनी गौतमीला सांगितलं, "आईला पाणी दे."

मग पोहे राहिले, साडी राहिली. यांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन येऊन ड्रेसिंग करवलं. ओली गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकली, शिरक्याच्या पाण्याने फरशी पुसली. घराला लोणच्याच्या बरणीसारखा वास यायला लागला. आणि अशात पाहुणे पावणेचारलाच आले. जिन्यातून वर येताना त्यांना आधी कठड्यावरची गादी दिसली असणार, कारण मुलाची आई आत येता येताच म्हणाली, "घरात कुणी आजारी आहे का?"

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"हो," मी म्हटलं. "माझ्या सासूबाई. खाटेवर आहेत. पाठीला जखम झालीय, आज कळलं." एवढं बोलून मी पोहे करायला आत गेले. खूप दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं.

ते स्थळ जमलं नाही. बुधवारी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. गौतमी हसून हसून बेजार झाली. "आई, पत्रिका त्यांनी मागितलीच कुठं होती!"

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर सहा वाजता मी डॉक्टर मुल्लांकडे गेले. रिक्षातून उतरून फाटकापाशीच थबकले, आत पाऊल घालवेना. आतून डॉक्टरच म्हणाले, "या, या. उभा आहे." पेटीत गुंडू दोन पायांवर उभा होता, डोळे अर्धे मिटलेले. मी भर दवाखान्यात त्याला हात जोडले.

दांडीवर चढायला त्याला तीन दिवस लागले. आत्या तीन दिवस चहा-बिस्किटावर होत्या. चौथ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत असताना आतून शीळ आली, अर्धवट, शेवटी तुटलेली. पाठोपाठ आत्यांच्या तोंडातली नुसती हवा. मग हाक आली, "हेमा, भाकरी आण गं. दोघांची."

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. आत्यांची जखम भरायला दोन महिने लागले. घरातला ऊद बंद झाला, मशीन मी कचऱ्यात टाकलं. त्यानंतर वास आला की मी आधी शोधायची. आत्याही बोलायला लागल्या होत्या, पण त्यांच्या पद्धतीने. "हेमा, गुंडूला ऊन हवंय," म्हटलं की मी पडदा सारायची. "गुंडूला उकडतंय," म्हटलं की पंखा. "गुंडूला एका कुशीवर कंटाळा आला असेल," असंही एकदा म्हणाल्या, तेव्हा मी हसू दाबून त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलं.

त्यानंतरच्या श्रावणातल्या एका सोमवारी यांनी देव्हाऱ्यासमोर आरती केली आणि शेवटी सवयीने कापूर पेटवला. गुंडूला मी त्याआधीच गॅलरीत नेऊन ठेवलं होतं, मधलं दार लावून.

"हेमा," आतून हाक आली. "धूर येतोय."

"गुंडू गॅलरीत आहे, आत्या. दार लावलंय, त्याच्यापर्यंत जात नाही."

 मी हातातली घंटी ठेवून खोलीच्या दारात गेले. आत्या माझ्याकडेच बघत होत्या. तोंडावर पदर होता. त्यांनी तो हळूहळू खाली घेतला.

"मला सोसत नाही," त्या म्हणाल्या.

मी खाटेशी गेले. "आत्या, त्या दिवशी मिरच्यांच्या वेळी..."

"मग पदर कशाला लावला होता?" असं म्हणाल्या आणि खोकल्या. चांगल्या जोरात खोकल्या, या खेपेला खोकला दाबला नाही.

मी देव्हाऱ्यापाशी गेले आणि तबकातल्या कापरावर पितळी वाटी पालथी घातली.

"अगं, काय करतेस?" हे ओरडले. "पाखराला बाहेर ठेवलंय ना?"

"आत्यांना सोसत नाही," मी म्हटलं आणि खिडकी उघडली.